आठ पट्ट्यांची पेटी

मित्रांनो, पेटी म्हटलं की तुमच्यापैकी कोणाला कपड्यांची ट्रंक आठवेल, कोणाला टपालपेटी, आणि घरात गाणं असेल तर हार्मोनियम. मी यांतली कोणीच नाही. मी मधमाश्यांची पेटी आहे, आणि आता चांगलीच जुनी झाले आहे. माझा रंग एके काळी आकाशी होता म्हणतात. आता तो कसलाच उरलेला नाही. ग्वाल्हेरच्या बिर्ला नगरात, गिरणी कामगारांच्या जुन्या लायनीतल्या एका घराच्या मागच्या अंगणात मी लाकडी घडवंचीवर बसून असते. बसून बसून स्वप्नं बघायची मला सवय लागली आहे. त्यामुळे माझी गोष्ट मध्येच जरा रेंगाळली, तर मला सांभाळून घ्या.

माझा जन्म मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्याचा. तिथल्या एका सुताराने निलगिरीच्या फळ्या ठोकून मला उभं केलं. आत दहा लाकडी चौकटी टांगल्या, खाली तळाची फळी बसवली, पुढे बोटभर उंचीचं दार ठेवलं आणि पाठीवर काळ्या रंगाने ४७ हा आकडा काढला. तोवर मी नुसतं लाकूड होते. मग रामनिवास नावाच्या मधपाळाने माझ्यात माश्या सोडल्या आणि माझ्या पोटात ऊब आली. ती ऊब काय असते, हे मला नीट सांगता येणार नाही. बाहेर पौषातलं धुकं असायचं, झाकणावर दव गोठायचं, आणि आत मात्र हजारो माश्या एकमेकींना बिलगून गुणगुणत असायच्या.

माझ्या जागेपलीकडचं मला दिसत नाही. पण माश्या जे घेऊन यायच्या, त्यावरून मला सगळं जग कळायचं. पायांना पिवळी पूड लागलेली असली की मोहरीची शेतं फुलली आहेत. पांढुरकी असली की शेवगा. लांबवर फुलं सापडलेली माशी परत आली की चौकटीवर थरथर नाचायची. किती दूर, सूर्याच्या कोणत्या बाजूला, हे ती नाचून सांगायची आणि ती थरथर माझ्या लाकडात उतरायची. मी जागची न हलता अशी कितीतरी शेतं पाहिली आहेत.

जागची न हलता म्हणाले खरी, पण ट्रकमधून मी खूप हिंडले. मोहरी संपली की रामनिवास आम्हा सगळ्या पेट्यांना दोरांनी बांधायचा आणि जिथे फुलं असतील तिथे न्यायचा. “सैंतालीस नंबर सबसे भारी है,” असं तो दरवर्षी म्हणायचा, आणि मला ते फार आवडायचं. कोणाला आवडणार नाही? पण एका प्रवासात दोर करकचून बसला, ट्रक खड्ड्यात आदळला आणि माझा तळ कोपऱ्यापासून चिरला. रामनिवासने पत्रा ठोकून पाहिला, हाताने हलवून पाहिलं आणि मान हलवली. मी आणखी एक प्रवास झेलणार नाही, हे त्याला कळलं होतं. मलाही कळलं होतं. त्या दिवसापासून मला एकच भीती वाटू लागली. कधीतरी माश्या निघून जातील आणि मी परत नुसतं लाकूड होईन.

पडावावर, जिथे गाड्या उभ्या राहतात, तिथल्या एका भिंतीवर रामनिवासने कागद चिकटवला. “पेटी बिकाऊ है. पुरानी, चालू हालत में.” खाली फोन नंबर. आणि तो कागद महिपतरावांच्या नजरेस पडला.

महिपतराव पडावावरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत बुकिंगला होते. निवृत्त झाले तरी सकाळचा चहा ते तिकडेच घेतात. त्यांच्या घरी मंदाताई, त्यांची बायको. मंदाताई लायनीतल्या मुलांना वर्षानुवर्षं हार्मोनियम शिकवत. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण बोलणं जड झालं आणि उजव्या हाताची बोटं मंदावली. त्यांनी आपली हार्मोनियम देवळाला देऊन टाकली. उजवा हात पदराखाली लपवून दिवसभर खाटेवर बसायच्या, सकाळी उठायलाही मागायच्या नाहीत. महिपतरावांना वाटलं, घरात पुन्हा पेटी आली की बोटं आपोआप तिच्याकडे वळतील. आणि तुम्हाला माहीत आहेच, मराठी घरात हार्मोनियमला पेटीच म्हणतात. महिपतरावांच्या पणजोबांपासून सगळे ग्वाल्हेरचे, हिंदी पाण्यासारखं बोलणारे. पण ‘पेटी’ हा शब्द वाचताना त्यांच्या डोक्यात मराठी जागी झाली.

रामनिवासचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, त्यामुळे सौदा मी स्वतः ऐकला.

“आवाज कैसी है पेटी की?” महिपतरावांनी विचारलं.

“बाबूजी, कान लगाओगे तो भर जाएगा. एकदम भारी.”

“और पट्टियाँ?”

“आठों सलामत हैं. ऊपर तक भरी हुई.”

पट्टियाँ म्हणजे चौकटी, असं रामनिवास समजला; माझ्यात तेव्हा आठ चौकटी पोळ्यांनी भरलेल्या होत्या, म्हणून तो आठ म्हणाला. महिपतरावांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. सा पासून सा पर्यंत आठ, म्हणजे बरोबरच आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

“घर तक छोड़ दोगे?”

“भोर में लाऊँगा. दिन में बहुत शोर करती है, भोर में चुप रहती है.”

किती भला माणूस, शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून पहाटे येतोय, असं महिपतरावांनी घरी सांगितलं. त्या बिचाऱ्यांना शंकासुद्धा आली नाही.

फाल्गुनातल्या एका पहाटे रामनिवासने मला अंगणात आणून ठेवलं, दार उघडलं आणि बाकीच्या पेट्या ऊन व्हायच्या आत पोचवायच्या म्हणून तो लगोलग निघून गेला. महिपतरावांनी माझ्यावर नवी चादर घातली. उजाडल्यावर मंदाताईंना हात धरून आणलं, स्टुलावर बसवलं आणि चादर ओढली. तेवढ्यात ऊन दारावर आलं आणि माश्या एकेक करून बाहेर पडू लागल्या.

“अगं, जुनी आहे ना, आत माश्या शिरल्यात वाटतं!” असं म्हणत महिपतराव खांद्यावरचा टॉवेल घेऊन मला झटकायला धावले.

त्यांची मुलगी स्मृती कामावर निघाली होती. ती दारातूनच ओरडली, “बाबा, रुका! हात नका लावू! ही ती पेटी नाहीये. मतलब पेटीच आहे, पण...” ती उंबऱ्यावर बसून हसत सुटली.

“अहो, हे काय उठवून आणलंत?” मंदाताईंनी सावकाश विचारलं.

महिपतरावांचा चेहरा पडला. “तो म्हणाला की आवाज बढिया आहे,” एवढंच ते पुटपुटले.

मंदाताई उठल्या. माझ्या बाजूने आल्या, वाकल्या आणि त्यांनी माझ्या झाकणाला कान लावला. कितीतरी वेळ त्या तशाच राहिल्या. माश्या त्यांच्या केसांजवळून ये-जा करत होत्या, पण एकीनेही त्यांना त्रास दिला नाही. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. त्या हसत होत्या. “खोटं नाही बोलला तो,” त्या म्हणाल्या. मंदाताई दोन वर्षांनी अशा हसल्या होत्या, हे मला स्मृती उंबऱ्यावरून उठून धावत आली त्यावरून कळलं.

रामनिवासला फोन गेला. आठवड्याने येऊन परत नेतो, असं तो म्हणाला. त्या आठवड्यात मंदाताई रोज सकाळी स्टूल घेऊन माझ्यापाशी येऊन बसल्या. कोणाच्या पायांना कोणता रंग आहे, हे त्या बघत. आठव्या दिवशी रामनिवास आला, जाळीची टोपी घातली, शेणीचा धूर दिला आणि झाकण उघडून चौकटी तपासू लागला. मंदाताई म्हणाल्या, “मैं... एक उठाऊँ?”

त्याने दुसरी टोपी त्यांना दिली. मंदाताईंनी पदराखालचा उजवा हात बाहेर काढला. डाव्या हाताने एक टोक आणि उजव्या हाताने दुसरं टोक धरून त्यांनी चौकट उचलली, इतकी हळू, की चौकटीवर नाचणारी माशी नाचतच राहिली. रामनिवास बघतच राहिला.

“माताजी, आपका हाथ तो इसी काम का है,” तो म्हणाला. “हम लोग जल्दी में रहते हैं, इसलिए काटती हैं. जो धीरे चले, उसे ये कुछ नहीं कहतीं.”

मित्रांनो, जो हात नकोसा झाल्यामुळे त्या लपवत होत्या, तोच हात माझ्या माश्यांना हवासा वाटला. मला इतका आनंद झाला, की मी चिरलेल्या तळाचं दुःख विसरले. मंदाताईंनी मला ठेवून घेतलं.

मग शिकणं सुरू झालं. माझं तोंड पूर्वेला केलं, म्हणजे सकाळचं ऊन दारावर आणि दुपारी तिथे सावली. मुंग्या चढू नयेत म्हणून मला लाकडी घडवंचीवर बसवून तिचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. एका परातीत खडे घालून पाणी ठेवलं, कारण माशीला पाणी पिताना उभं राहायला कोरडी जागा लागते. महिपतरावांनी उत्साहाने नर्सरीतून भल्यामोठ्या टपोऱ्या गुलाबांची रोपं आणि बोगनवेल आणली. माश्यांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांना थाटमाट नको असतो, साधी उघडी फुलं हवी असतात. हे मंदाताईंना आधी कळलं. त्यांनी तुळस लावली, शेपू, बडीशेप, मेथी पेरली, भिंतीशी शेवग्याची फांदी खोचली. कोथिंबीर मात्र कापायची नाही, फुलू द्यायची, हे कुठल्याही गृहिणीच्या जिवावरच येतं. स्मृती एकदा वरणासाठी जुडीभर तोडायला गेली, तर मंदाताई स्पष्ट शब्दांत म्हणाल्या, “ती माझ्या माश्यांची आहे. तू बाजारातून आण.” इतकं लांब वाक्य त्यांनी बऱ्याच दिवसांनी एका दमात म्हटलं होतं.

महिपतरावांची फजिती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एकादशीचा त्यांचा उपास. फराळाला दोन केळी खाल्ली आणि तसेच येऊन त्यांनी माझं झाकण उचललं. माश्या अशा काही उठल्या, की महिपतराव धोतर सावरत थेट न्हाणीघरात शिरले. संध्याकाळी फोनवर रामनिवास हसत हसत म्हणाला, “केला खाकर कभी पेटी मत खोलना, बाबूजी. इनके गुस्से की जो गंध है न, केले जैसी ही है. ये समझती हैं कि लड़ाई छिड़ गई.” तेव्हापासून एकादशीला महिपतराव माझ्यापासून दहा हात लांब असतात. सुजलेल्या कानाने त्यांनी मंदाताईंना विचारलं होतं, “तुला कशा गं चावत नाहीत?” मंदाताईंनी आपला उजवा हात मांडीवर उघडा ठेवला.

चैत्र सुखात गेला. कडुनिंब फुलला, शेवग्याच्या फांदीला पालवी आली. माझ्या पोटात नवी पिल्लं निपजत होती. मंदाताई सकाळी सगळ्यांच्या आधी उठत. एकदा स्मृतीने म्हटलं, “आई, जरा आराम करत जा.” त्या म्हणाल्या, “या आहेत म्हणून मी उठते. या गेल्या, तर उठू कशाला?” ते ऐकून मला बरंही वाटलं आणि भीतीही वाटली.

कारण पुढे जेठ, म्हणजे ज्येष्ठ महिना, होता. ग्वाल्हेरचा जेठ ज्यांनी सोसला नाही, त्यांना तो काय सांगावा! लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, वाहू लागली. मेथी वाळली, कोथिंबिरीच्या काड्या झाल्या, तुळशीचे तुरे करपले. मंदाताई माझ्यावर ओलं पोतं टाकत, दुपारी उठून ते पुन्हा भिजवत. वाटीत साखरपाणी ठेवत. माश्या पंख हलवून हलवून मला थंड ठेवत होत्या, पण बाहेर गेलेल्या माश्या रिकाम्या पायांनी परत येत होत्या. चौकटींवरचं नाचणं थांबलं. नुसत्या साखरेवर मोठ्या माश्या तग धरतात, पिल्लांना फुलांची पूडच लागते. राणीने अंडी घालणं जवळजवळ बंद केलं. संध्याकाळी माश्या दारावर घोसाने लटकून राहत, आणि रोज तो घोस थोडा लहान दिसे.

एका सकाळी रामनिवास आला. चौकटी पाहून त्याने टोपी काढली.

“माताजी, यहाँ रहीं तो पंद्रह दिन में खत्म. यूपी की तरफ चारे का बरसीम अभी फूला हुआ है. मेरी गाड़ी कल जा रही है. भेज दीजिए.”

“नहीं,” मंदाताई म्हणाल्या.

“दिवाली के बाद सरसों पर लौटा लाऊँगा.”

“नहीं.”

मित्रांनो, मला लाज वाटते, पण खरं सांगते. मी त्या ‘नहीं’ला मनातून साथ देत होते. माश्या जातील तर नव्या पेटीतून जातील, हे मला ठाऊक होतं. चिरलेल्या तळाच्या पेटीला ट्रकवर कोण चढवणार? मला रिकामं व्हायचं नव्हतं. मंदाताईंना खाटेवर परत जायचं नव्हतं. आम्ही दोघी आपापल्या भीतीने गप्प होतो, आणि आमच्या दोघींच्या मध्ये माश्या मरत होत्या.

संध्याकाळी मंदाताई एकट्याच अंगणात आल्या. माझ्या दारापुढे मेलेल्या माश्या पडल्या होत्या. त्या त्यांनी उजव्या हाताच्या बोटांनी एकेक करून उचलल्या आणि तळहातावर ठेवल्या. बराच वेळ लागला. मग त्यांनी आत हाक मारली, “अहो, त्याला फोन करा. म्हणावं, ने.”

दुसऱ्या दिवशी रामनिवास पहाटेच नवी कोरी पेटी घेऊन आला. ती माझ्याशेजारी ठेवली. त्याने धूर दिला आणि चौकटी काढायला हात पुढे केला, तर मंदाताईंनी त्याला थांबवलं. आठही चौकटी त्यांनी स्वतः उचलल्या. माझ्यातून काढायची, दोन पावलं चालायची, त्या पेटीत ठेवायची. सहाव्या चौकटीवर राणी होती. तिथे त्या क्षणभर थांबल्या. प्रत्येक चौकटीबरोबर माझ्यातली ऊब थोडी कमी होत गेली.

झाकण लागल्यावर मंदाताईंनी घरातून ताट आणलं. त्यात हळद-कुंकू, तांदूळ, नारळ आणि हिरवं ब्लाउजपीस होतं. त्यांनी नव्या पेटीला हळद-कुंकू लावलं आणि तिची ओटी भरली. रामनिवास गोंधळून महिपतरावांना म्हणाला, “ये कौन सी पूजा है?”

“पूजा नहीं है,” महिपतराव म्हणाले. “बेटी मायके से जाती है न, तब करते हैं.” आणि मग त्यांनी तोंड फिरवलं. नारळ रामनिवासने डोक्याला लावून गाडीत पुढे ठेवला.

गाडी गेली. मला वाटलं, आता मला माळ्यावर टाकतील आणि मंदाताई खाटेवर जातील. दुसऱ्या दिवशी उजाडलं. मंदाताई उठल्या. त्यांनी मला उपडं करून घासलं, उन्हात ठेवलं. मग तुळशीच्या वाळक्या तुऱ्यांतलं बी चोळून कागदाच्या पुड्या बांधल्या, शेवग्याच्या फांद्या मागवून घेतल्या, आणि पायात चपला घालून त्या लायनीत निघाल्या. दोन वर्षांत त्या कोणाच्या दारी गेल्या नव्हत्या, कारण जड बोलणं लोकांना ऐकू जाऊ नये असं त्यांना वाटायचं.

त्या प्रत्येक दारात उभ्या राहिल्या, हे मला नंतर स्मृतीच्या बोलण्यातून कळलं. “एक गमला... तुलसी का. फूल आने देना... तोड़ना मत,” असं अडखळत म्हणायच्या. एका घरातली बाई म्हणाली, “माताजी, बच्चों को काटेंगी तो?” मंदाताईंनी उजवा हात पुढे करून दाखवला आणि म्हणाल्या, “मुझे नहीं काटा.” कोणी पुडी घेतली, कोणी दार लावलं. दोडक्याचे आणि काकडीचे वेल गच्चीवर चढवा, ते उन्हाळ्यातही फुलतात, हेही त्या सांगत सुटल्या. नाल्याकडेच्या मोकळ्या जागेत महिपतरावांनी करंज आणि जांभळाची रोपं लावली. आजवर बावीस घरांनी कुंड्या ठेवल्या आहेत. महिपतरावांनी माझा तळही बदलला. खिळे जरा वाकडे बसलेत, पण त्यांची बोटंही बरीच ठेचली आहेत, म्हणून मी काही म्हणत नाही.

आता श्रावण आहे. मी रिकामी आहे. रामनिवासचा फोन येतो, “सब राजी-खुशी,” आणि मंदाताई त्याला ते दोनदा बोलायला लावतात. दिवाळीनंतर मोहरी फुलेल तेव्हा माश्या परत येतील, पुन्हा ऊब येईल, हे स्वप्न मी रोज बघते. पण स्वप्नात मध्येच जेठ येतो.

म्हणून मित्रांनो, माझं एक मागणं आहे. झाडावर पोळं दिसलं तर जाळू नका. फुललेल्या झाडावर औषध फवारू नका. उन्हाळ्यात खडे घातलेल्या ताटलीत पाणी ठेवा. आणि एक कुंडी, एकच, फुलेपर्यंत जगवा. माशी फुलासाठी कोसभर सहज उडते. तुमचं घर तिला लांब नाही.

पुढच्या जेठात ती गाडी दाराशी उभी राहील आणि रामनिवास हाक मारेल. तेव्हा मंदाताईंना दारात येऊन “नको, यंदा इथेच राहू देत” एवढं म्हणता यावं. त्यांना ते म्हणायचं आहे. पण ते त्यांच्या एकटीच्या अंगणात उगवत नाही.